भिंतीला कान कोठे असतात?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भोर तालुक्यातील एका दवाखान्यात एका वृद्ध नातलगांना घेऊन आम्ही गेलो होतो. डॉक्टरांच्या खोलीचे दार बंद होते आणि दाराला लागूनच बाहेर बसण्यासाठी बाक टाकलेला होता. बाकावर पाचसहा माणसे आपला नंबर लागण्याची वाट पाहात बसली होती. वेल्ह्याच्या बाजूने आलेली एक तरुण बाई आत गेली आणि तिची सासू आमच्या शेजारी टेकली. आत गेलेल्या बाईने आपले दुखणे सांगावयास सुरुवात केली, आणि तिचा शब्दन् शब्द आम्हांस ऐकू येऊ लागला. आम्ही संकोचून दुसरीकडे पाहू लागलो. पण कान काही मिटता येत नाहीत. इतक्यात सासूबाईंना खोकला आला. खोकला बाहेर, पण तो आत पोचला असला पाहिजे, कारण त्याच क्षणी ती बाई बोलायची थांबली. जरा वेळाने एवढेच ऐकू आले, "बाकी काही नाही, डॉक्टरसाहेब. डोकं दुखतंय." डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन ती बाहेर पडली.

पुढे त्या डॉक्टरांशी आमचा परिचय झाला, तेव्हा आम्ही ही हकीकत त्यांच्या कानावर घातली. ते चकित झाले. म्हणाले, "अहो, लोकांना ऐकू जातं म्हणून तर मी दार बदललं! पहिल्यापेक्षा दुप्पट जाड, अस्सल सागवानी. सुताराने चांगले पैसे घेतले." दार आम्हीही पाहिले होते. ते उत्तमच होते. मग आवाज बाहेर कसा येत होता?

भिंतीला कान असतात, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. ते कान नेमके कोठे असतात, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न घरगुती आहे. परंतु त्याच्या उत्तरावर एखाद्या बाईचे औषधपाणी अवलंबून असते, हे वरील हकीकतीवरून ध्यानात यावे.

प्रथम आवाज म्हणजे काय ते पाहू. आपण बोलतो तेव्हा घशातील पडदे थरथरतात आणि समोरच्या हवेला हिसके देतात. तो हिसका एका थराकडून दुसऱ्या थराकडे असा पुढे पुढे जातो. हवा जागच्या जागी मागेपुढे होते. पुढे सरकतो तो धक्का. हवा नसेल तर धक्काही नाही. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत काचपात्रातील हवा पंपाने काढून घेतली, तेव्हा आत वाजणारा आवाज क्षीण होत गेल्याचे त्याला आढळले. साधारण उबदार दिवशी हवेतून हा धक्का सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो.

आता हा धक्का भिंतीवर येऊन आदळला म्हणजे काय होते? पुष्कळांची अशी समजूत असते की, पाणी जसे मडक्यातून पाझरते तसा आवाज भिंतीतून पाझरतो. तसे होत नाही. भिंतीला छिद्र नसेल, तर बाहेरची हवा आत जात नाही आणि आतली बाहेर येत नाही. घडते ते असे : आतली हवा भिंतीला ढकलते, भिंत, डोळ्यांना मुळीच दिसणार नाही इतकी अल्प, मागेपुढे हलते, आणि हलणारी भिंत पलीकडच्या हवेला ढकलते. म्हणजे पलीकडच्या खोलीत बोलते ती भिंतच. डफाचे कातडे जसे थरथरते तशीच भिंत थरथरते. अंतर फक्त प्रमाणाचे.

एकदा हे पटले की पुढचे दोन नियम आपोआप समजतात. पहिला नियम : जड भिंत कमी हलते. रिकामी बैलगाडी एकटा माणूस ढकलू शकतो. तीच भाताच्या पोत्यांनी भरलेली असली की चार माणसे लागतात. दुसरा नियम : जलद थरथरणे भिंतीला अधिक जड जाते. माजघरातला लाकडी झोपाळा, वर दोन माणसे बसलेली असली तरी, सावकाश हलविता येतो. पण तोच सेकंदात दहा वेळा मागेपुढे करावयास कोणी सांगितले तर ते पहिलवानालाही साधणार नाही. खर्जातला आवाज म्हणजे सावकाश कंप, आणि तारस्वर म्हणजे जलद कंप. म्हणून भिंत बारीक, उंच आवाज चांगला अडवते आणि जाड, खालचा आवाज सोडून देते. लग्नाच्या वरातीतले बाकीचे वाद्य ऐकू येईनासे झाले तरी ढोलाचा ठोका घरात, छातीत, येऊन पोचतो, त्याचे कारण हेच.

आवाजाचा हिशेब डेसिबेल या मापाने करतात. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच्या नावावरून हे माप निघाले. त्याची रीत थोडी निराळी आहे. भिंतीने १० डेसिबेल अडवले म्हणजे आवाजाच्या शक्तीचा दहावा हिस्सा पलीकडे गेला. २० अडवले म्हणजे शंभरावा. ३० अडवले म्हणजे हजारावा. आपला कानही साधारण अशाच पायऱ्यांनी मोजतो. शक्ती दहावा हिस्सा झाली, तर आवाज सुमारे निम्मा झाल्यासारखा आपल्याला वाटतो. या मापाने पाहता, पातळ पत्र्याचा आडपडदा ढोबळमानाने २० डेसिबेल अडवतो. चांगले भरीव लाकडी दार, फटी नसल्यास, ३०च्या आसपास. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची विटांची भिंत सुमारे ४५. आणि नऊ इंची भिंत सुमारे ५०. वजन दुप्पट केले की पाचसहा डेसिबेलांची भर पडते, हा यातला ठोकताळा. यावरून जुन्या घरांची थोरवी कळते. पंतसचिवांचा भोर येथील राजवाडा ज्यांनी आतून पाहिला असेल, त्यांना तिथल्या भिंतींची रुंदी आठवेल. भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले. राजवाडा मात्र उभा आहे, आणि त्या भिंतींआडची शांतता म्हणजे त्यांच्या वजनाचीच शांतता आहे. उलट सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्या-वस्त्यांवर कारवीच्या काटक्या उभ्या करून, वर शेणमातीचा लेप देऊन जो कूड घालतात, तो वाऱ्याला अडवतो; शब्दाला त्याच्याने अडवत नाही. तो हलका असतो एवढाच त्याचा दोष.

येथवर आल्यावर श्रोत्यांना वाटेल, मग डॉक्टरांनी दार दुप्पट जाड केले यात चुकले कोठे? नियमाप्रमाणेच तर त्यांनी केले. आता त्या दाराचा हिशेब मांडू.

दार १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच, म्हणजे २०,००० चौरस सेंटिमीटर. दाराखाली बोटभर, म्हणजे १ सेंटिमीटर, फट. तिचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. दाराच्या मानाने फट दोनशेवा हिस्सा. दारावर आवाजाचे हजार वाटे येऊन पडले असे धरा. जुने दार ३० डेसिबेल अडवणारे होते असे मानले, तर लाकडातून हजारांतला एक वाटा पलीकडे गेला. फटीला मात्र अडवणारे काहीच नाही. तिच्यावर पडले ते पाचही वाटे सरळ बाहेर. एकूण गेले सहा. आता दार दुप्पट जाड करा. लाकडातून जाणारा एक वाटा पाव झाला. फटीतले पाच तसेच. एकूण सव्वापाच. सहाचे सव्वापाच झाले, एक डेसिबेलाचासुद्धा फरक पडला नाही, आणि सागवानाचे पैसे मात्र गेले. याउलट जुनेच दार ठेवून नुसती फट बुजविली असती तर? सहाचा एक वाटा उरला असता. जवळजवळ आठ डेसिबेलांचा लाभ झाला असता. हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात फटीची खोली, आवाजाची पट्टी अशा गोष्टींनी आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण निष्कर्ष बदलत नाही. गळक्या हंड्याचा पत्रा जाड केल्याने गळती थांबत नाही.

तेव्हा भिंतीचे कान हे भिंतीत नसून तिच्या फटींत असतात. आणि हे कान मोठे तिखट असतात. आपल्या भाषेतील स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे बहुतांशी खालच्या कंपांचे असतात. शब्दाला शब्दपण देणारी व्यंजने, विशेषतः स, श, त, च, ट, यांचा प्राण वरच्या कंपांत, सेकंदाला दोन हजार ते चार हजार आणि त्याहूनही वर असतो. भिंत वरचे कंप अडवते आणि खालचे सोडते. म्हणून नुसत्या भिंतीपलीकडचे बोलणे आपल्याला घुमल्यासारखे ऐकू येते. शेजारच्या घरात भांडण चालले आहे हे कळते, पण कशावरून ते कळत नाही. फटीतून मात्र व्यंजनेही शाबूत येतात. गूज फोडते ती फट.

येथे आम्हांस आपल्या जुन्या सुतारांची आठवण होते. जुन्या घराच्या दाराला उंबरठा असे. पाणी, धूळ, विंचूकाटा आत येऊ नये म्हणून तो घालत, आणि घराच्या मर्यादेची खूण म्हणून त्याला मानही असे. पण दार लावले म्हणजे त्याची खालची कड उंबरठ्याला टेकत असे आणि खालची फट मिटत असे. दुपाखी दाराच्या दोन फळ्यांच्या सांध्यावर उभी लाकडी पट्टी असे. तिने मधली फट झाकली जाई. चौकटीला खाच असे. तिच्यात फळी नीट बसे. ध्वनिशास्त्राचा गंध नसताना आपल्या सुतारांनी दाराचे चारही कान झाकले होते. पुढे फरशी एकसलग करण्याची रीत पडली, दवाखान्यात तर चाकांची खुर्ची नेण्यासाठी उंबरठा काढणे योग्यच होते. परंतु उंबरठ्याबरोबर त्याचे काम करणारेही कोणी उरले नाही, याकडे लक्ष गेले नाही.

खालची फट बंद केली तरी आणखी एक वाट राहते, ती वरची. मावळातल्या कौलारू घरांत आतल्या भिंती पुष्कळदा आढ्यापर्यंत नेत नाहीत; चुलीचा धूर वरून निघून जावा हा हेतू. धुराबरोबर बोलणेही जाते. आजकाल एका मोठ्या खोलीचे दोन भाग करताना सात फूट उंचीचा प्लायवुडचा आडोसा उभा करतात आणि वरचा भाग पंख्याच्या वाऱ्यासाठी मोकळा सोडतात. अशा आडोशामागे डोळ्यांपुरता एकांत मिळतो, कानांपुरता नाही. प्रकाश सरळ जातो, म्हणून आडोशामागचे दिसत नाही. आवाजाच्या लहरी मोठ्या असतात, सेकंदाला शंभर कंपांची लहर तर ३ मीटरांहूनही लांब असते, म्हणून त्या कडेवरून वळून खाली उतरतात. तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यात, एखाद्या सोंडेआड ढोल वाजत असला तर ढोलकरी दिसत नाही पण ढोल ऐकू येतो, तीच ही गोष्ट.

आता एका गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. आवाज अडवावा म्हणून भिंतीवर चटया, गोधड्या, घोंगड्या किंवा अंड्यांचे कागदी साचे लावणारे लोक आम्ही पाहिले आहेत. मऊ, सच्छिद्र वस्तू आवाज शोषतात, हे खरे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन यांनी १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात खुर्च्यांवरच्या गाद्या आणून आणून किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते, हे मोजले. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्यातून घातला गेला. परंतु गाद्यांनी कमी होते ते त्याच खोलीतले घुमणे. पलीकडे जाणारा आवाज अडवावयास वजन लागते आणि अभंगपणा लागतो. घोंगडीत यांपैकी एकही नाही. जिच्यातून फुंकर पलीकडे जाते, तिच्यातून शब्दही जातो, अशी खूणगाठ बांधावी.

मग मऊ वस्तू निरुपयोगी आहेत काय? नाहीत. एका ठिकाणी त्यांच्यासारखा दुसरा उपाय नाही, आणि ते ठिकाण म्हणजे ठोक्याचा आवाज. आतापर्यंत आपण हवेतून भिंतीवर येणाऱ्या आवाजाविषयी बोललो. पण जाते, उखळ, खिळा ठोकणे, माडीवर आपटलेली पावले, यांचा धक्का हवेत न जाता थेट जमिनीत, तुळईत आणि भिंतीत शिरतो. घन पदार्थात धक्का झपाट्याने जातो आणि फारसा विरत नाही. बियो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०८ साली पॅरिसमध्ये सुमारे साडेनऊशे मीटर लांबीच्या लोखंडी नळाच्या एका टोकाला ठोका दिला, तेव्हा दुसऱ्या टोकाला दोन आवाज ऐकू आले : एक लोखंडातून आलेला, आणि त्यानंतर सुमारे अडीच सेकंदांनी हवेतून आलेला. माडीवर कुणी मुसळ चालविले तर तीन खोल्या पलीकडच्या भिंतीतून ते ऐकू येते, त्याचे रहस्य हे. अशा आवाजाला भिंतीपाशी अडविण्यापेक्षा जन्मतःच अडवावे. यंत्राखाली रबराचा तुकडा, माडीवर जाजम, खुर्चीच्या पायांना कापडी टोप्या. येथे घोंगडीची घडी खरोखर कामाला येते. भोर-वेल्ह्याकडच्या भाताच्या मुलखात उखळ पुरत ते मातीच्या जमिनीत. माती ठोका गिळते.

ज्याला फार जड भिंत बांधणे परवडत नाही, त्याला आणखी एक मार्ग मोकळा आहे. एका जाड भिंतीऐवजी दोन पातळ भिंती, मध्ये हवेची पोकळी ठेवून, एकमेकींना न भिडविता उभ्या केल्या, तर तेवढ्याच वजनात पुष्कळ अधिक आवाज अडतो. कारण धक्क्याला एकाऐवजी दोन वेळा नवी भिंत हलवावी लागते. राजगडावर संजीवनी माची पाहिलेल्यांना तिथली दुहेरी तटबंदी आठवेल. ती बांधली शत्रूसाठी, आवाजासाठी नव्हे; पण पहिली भिंत ओलांडून आलेल्याला दुसऱ्या भिंतीपाशी पुन्हा नव्याने झुंजावे लागते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. मात्र दोन भिंतींच्या मध्ये विटांचे तुकडे किंवा चुन्याचा राडारोडा पडून त्या जोडल्या गेल्या की हा लाभ संपला. शत्रूला आपणच पूल बांधून दिल्यासारखे ते होते.

अखेरची गोष्ट कानाची. पलीकडचे बोलणे ऐकू येते की नाही, हे भिंतीवर जसे अवलंबून असते तसे अलीकडच्या शांततेवरही असते. आषाढात वेल्ह्याच्या खोऱ्यात पाऊस कोसळू लागला आणि पत्र्यावर ताशा वाजू लागला, म्हणजे त्याच घरातले कूड एकाएकी जाड झाल्यासारखे वाटतात. कूड तेच असतात. पावसाने शब्द बुडविलेले असतात. उलट चैत्रातल्या निःशब्द दुपारी कुजबुजसुद्धा भिंत ओलांडते. म्हणून एकांताची खरी परीक्षा शांत वेळीच घ्यावी.

हे सारे भिंतीच्या अंगाने झाले. समाजाच्या अंगाने पाहिले तर पहिली जबाबदारी आवाज करणाऱ्याची. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. त्यांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. दवाखाने, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. दारापाशी कर्णा वाजत असेल तर उंबरठा बिचारा काय करणार? खालचे कंप अडविण्याची ताकद साध्या घराच्या भिंतीत नसते, हे आपण वर पाहिलेच. परीक्षेला बसलेले मूल आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा यांना भिंतीपेक्षा शेजाऱ्याच्या विवेकाचाच आधार अधिक.

आता डॉक्टरांकडे परत जाऊ. आम्ही त्यांना एक सोपी परीक्षा सुचविली. संध्याकाळी बाहेरचे दिवे मालवून खोलीत दिवा लावावा, दार लावावे आणि बाहेर उभे राहून पाहावे. जिथून उजेडाची रेघ दिसते, तिथून शब्द बाहेर येतो. त्यांनी तसे केले. दाराखाली एक लांब सोनेरी रेघ, कडेला बिजागरीच्या बाजूने एक बारीक रेघ, आणि वर झरोक्याचा सबंध चौकोन! सुताराला पुन्हा बोलावले. या वेळी काम थोडे होते. दाराच्या खालच्या कडेला जमिनीला टेकणारी रबराची पट्टी बसविली, चौकटीच्या खाचेत नमद्याची पट्टी चिकटविली, झरोक्याला काच लावली आणि हवेसाठी मागच्या अंगणाकडची खिडकी उघडी ठेवण्याचे ठरले. बाक दारापासून उचलून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेला. त्याला तर एक पैही पडली नाही.

सर्व झाल्यावर डॉक्टर आत बसून नेहमीच्या आवाजात बोलले आणि आम्ही बाकावर बसून ऐकले. आत कोणी बोलत आहे एवढे कळत होते. काय, ते कळत नव्हते. डॉक्टरांच्या गळ्यात त्या वेळी स्टेथोस्कोप होता. फ्रान्समधील लेनेक या वैद्याने १८१६ साली प्रथम कागदाची सुरळी करून, आणि मग लाकडाची नळी करून, छातीच्या भिंतीआडचे ऐकण्याची ही युक्ती काढली. शरीराच्या भिंतीतून ऐकणे हे वैद्याचे काम. पण खोलीच्या भिंतीतून कुणाला ऐकू जाऊ न देणे, हेही त्याचेच काम आहे.

वेल्ह्याकडची ती बाई पुन्हा आली की नाही, तिने राहिलेले सांगितले की नाही, हे आम्ही डॉक्टरांना कधीच विचारले नाही. विचारले असते तर तेही एक फट पाडण्यासारखेच झाले असते.